आजी-आजोबांची आयुष्यकथा मोबाइलवर कशी नोंदवायची, लिहायची आणि जपायची?

घरात आजारी किंवा खूप वय झालेलं माणूस असेल, त्यांची औषधं, जेवण, रात्रीचं जागरण तुमच्याकडे असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. त्यांच्या आयुष्याची गोष्ट मोबाइलच्या मदतीने रेकॉर्ड कशी करायची, ती कागदावर कशी आणायची आणि पुढची वीस-तीस वर्षं टिकेल अशी कशी ठेवायची, हे आज आपण पाहणार आहोत. वेगळं ॲप विकत घ्यायची गरज नाही. जे लागतं ते बहुतेक तुमच्या फोनमध्ये आधीपासून आहे.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. आजीला अर्धांगवायूचा झटका आल्यावर साधारण दीड वर्ष मी आणि आई आळीपाळीने तिच्याजवळ असायचो. माझं काम घरून चालायचं, त्यामुळे सकाळची पाळी माझी. त्या दीड वर्षात सुमारे अकरा तासांचं रेकॉर्डिंग झालं आणि त्यातून सत्तर पानांची एक वही तयार झाली. खाली जे सांगतोय ते त्यातून शिकलेलं आहे, आणि जिथे इतरांचं काम माहीत आहे तिथे त्याचा उल्लेख केला आहे.

नुसतं रेकॉर्डिंग पुरत नाही का?

खरं सांगायचं तर नाही. तुमच्या फोनमधले जुने व्हॉइस मेसेज तुम्ही शेवटचे कधी ऐकले ते आठवून बघा. तासाभराची ऑडिओ फाइल उघडून बसायला कोणाला वेळ नसतो, आणि त्यात हवा तो भाग शोधणंही कठीण. तीच गोष्ट आठ पानांवर लिहिलेली असेल तर पाहुणे आले असताना चुलत भाऊ चहा पिता पिता वाचून टाकतो. आवाज ठेवाच, त्याची जागा कशालाच घेता येत नाही. पण वाचला जातो तो कागद.

आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं उदाहरण बहिणाबाई चौधरींचं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम, शेतकाम करता करता त्या गाणी रचायच्या. घरातल्या लोकांनी, त्यांचे चिरंजीव सोपानदेवांनी, ती उतरवून ठेवली. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. जे त्या वेळी कोणी लिहून घेतलं नाही, ते त्यांच्याबरोबरच गेलं. तसंच काम हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांबाबत केलं. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आज त्या ‘पारी’च्या वेबसाइटवर फोनवरूनही वाचता-ऐकता येतात.

काळजी घेणाऱ्यानेच हे का करावं?

कारण वेळेला जवळ तोच असतो. भेटायला आलेल्या पाहुण्यांना म्हातारी माणसं ठरलेल्या चार गोष्टी सांगतात. खरं बोलणं निघतं ते पाय चेपताना, नाहीतर पहाटे तीनला झोप लागत नाही तेव्हा. तुमच्याकडे दिवसभरासाठी मावशी येत असतील तर त्यांनाही विचारा. माझ्या आजीने तिच्या माहेरची एक अख्खी भांडणकथा आम्हाला न सांगता मावशींना सांगितली होती!

वैद्यकीय जगातही हा विषय नवा नाही. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६३ मध्ये मांडलं की म्हातारपणी मागचं आयुष्य पुन्हा पुन्हा आठवणं हे डोकं भ्रमिष्ट झाल्याचं लक्षण नव्हे. ती आयुष्याचा हिशेब मांडण्याची स्वाभाविक क्रिया आहे. कॅनडातल्या विनिपेगचे डॉक्टर हार्वी चोचिनोव्ह यांनी पुढे एक पद्धत तयार केली. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाशी बोलायचं, बोलणं रेकॉर्ड करायचं, ते लिहून काढायचं, नीट करायचं, रुग्णाला वाचून दाखवायचं, दुरुस्त्या घ्यायच्या आणि शेवटी ती प्रत त्याच्या हातात द्यायची. म्हणजे तो हवं त्या माणसासाठी ती मागे ठेवू शकतो. या पद्धतीची मोठी चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात रुग्णांचं दुःख मोजमापात फारसं कमी झालेलं दिसलं नाही. पण स्वतः रुग्णांनी सांगितलं की याचा आपल्याला उपयोग झाला आणि घरच्यांनाही होईल. म्हणून हे काम औषध समजून करू नका. तब्येत सुधारेल म्हणून आजोबांना बोलायला लावलंत तर दोघंही दमाल.

सगळ्यात आधी: विचारा

गुपचूप रेकॉर्डिंग करू नका. फोन समोर ठेवून सरळ सांगा, “आजी, तुझं बोलणं मी यात साठवतोय, नंतर लिहून काढणार आहे.” बहुतेक जण पहिल्यांदा म्हणतात, “माझं काय लिहायचंय, मी कुठं मोठी लागून गेले!” हा नकार नाही, संकोच आहे. त्यावर “बरं, मग तुझ्या सासूबाईंचं सांग” म्हटलं की गाडी सुरू होते.

पण खरा नकारही असतो, आणि तो ओळखता आला पाहिजे. मी प्रत्येक वेळी शेवटी एकच प्रश्न विचारायचो: “यातलं कोणाला वाचायला द्यायचं?” उत्तरं चार प्रकारची यायची. सगळ्यांना चालेल. घरातल्यांनाच. मी गेल्यावर. आणि हे लिहूच नको. चौथं उत्तर आलं की तो भाग मी तिच्या देखत पुसायचो आणि पुसल्याचं तिला स्क्रीनवर दाखवायचो. त्यानंतर ती जास्त मोकळं बोलायला लागली. जमिनीच्या वाटण्या, कोणाचं मोडलेलं लग्न, कोणाचं दारूचं व्यसन या गोष्टींत दुसऱ्या जिवंत माणसांची अब्रू असते. एक क्लिप फॅमिली ग्रुपवर गेली की ती परत घेता येत नाही, “डिलीट फॉर एव्हरीवन” केलं तरी तोपर्यंत कोणीतरी पुढे पाठवलेली असते.

बोलणारी व्यक्ती आजारामुळे संमती नीट देऊ शकत नसेल तर? तेव्हा घरातल्या जवळच्या दोघा-तिघांना विचारा आणि सगळं घरापुरतंच ठेवा. मी तर यात रील, स्टेटस काहीच नको असं म्हणेन. अंथरुणातला, नीट न विंचरलेल्या केसांचा व्हिडिओ आजीने स्वतः कधी टाकू दिला असता का, एवढा विचार पुरे.

रेकॉर्डिंगची तयारी

अँड्रॉइडवर बहुतेक कंपन्यांचं रेकॉर्डर ॲप आधीच असतं, आयफोनवर ‘व्हॉइस मेमोज’ असतं. दोन्ही चालतील. फोन एअरप्लेन मोडवर टाका, कारण मध्येच कॉल आला तर बऱ्याच फोनवर रेकॉर्डिंग थांबतं आणि ते थांबलंय हे अर्ध्या तासाने कळतं. फोन घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे टेबलाचा ठक्‌ठक्‌ आवाज येत नाही. तोंडापासून हातभर अंतर पुरे. छताचा पंखा बंद करा. आपल्या कानाला त्याची सवय झालेली असते, माइकला नसते. कुकरची शिट्टी आणि टीव्हीवरची मालिका या दोन वेळा टाळा.

पहिलं एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका, मग पुढे जा. सुरुवातीला तुम्ही स्वतः तारीख, जागा आणि कोण बोलतंय ते सांगा. दहा वर्षांनी फाइलचं नाव बदललेलं असलं तरी हे वाक्य आतच राहतं.

फाइल कोणत्या प्रकारची हवी? एमपी३ किंवा एम४ए घ्या, १२८ केबीपीएस क्वालिटी बोलण्यासाठी भरपूर झाली. या हिशेबाने एका तासाला साधारण ५८ एमबी लागतात. म्हणजे गूगल खात्याच्या फुकटच्या १५ जीबीत अडीचशे तास सहज मावतील, अर्थात तुमचे फोटो आणि जीमेलने ती जागा आधीच खाल्ली नसेल तर! व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजवर मात्र मूळ रेकॉर्डिंग करू नका. तिथे आवाज खूप दाबून लहान केला जातो. परगावच्या किंवा परदेशातल्या काकांकडून रेकॉर्डिंग मागवायचं असेल तर त्यांना रेकॉर्डर ॲपमध्ये बोलून ती फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे ती जशीच्या तशी येते.

एका बैठकीला किती वेळ? अमेरिकेतल्या ‘स्टोरीकॉर्प्स’ या संस्थेने २००३ पासून सामान्य माणसांच्या गप्पा नोंदवल्या आहेत. त्यांची पद्धत चाळीस मिनिटांची. धडधाकट माणसासाठी ती ठीक आहे. आजारी माणसासाठी वीस मिनिटं पुष्कळ. वेळ सकाळची, आंघोळ आणि चहा झाल्यानंतरची. स्मृतिभ्रंश असलेल्यांना संध्याकाळ उतरली की गोंधळायला होतं, त्यामुळे तेव्हा प्रश्न नकोत.

काय विचारायचं?

“तुमच्या आयुष्याबद्दल सांगा” हा सगळ्यात वाईट प्रश्न. कोणालाही यावर काही सुचत नाही. वस्तू हातात द्या. अडकित्ता, जुनं घड्याळ, लग्नातली पितळी परात, पासबुक, रेशनकार्ड. मी आजीच्या हातात आजोबांच्या गिरणीतला पत्र्याचा बिल्ला दिला, तर बिल्ला बाजूलाच राहिला आणि ती पहिल्यांदा मुंबईला आली तेव्हा एसटीत तिला किती उलट्या झाल्या तिथून सुरुवात झाली. ते चालतं. तुम्ही ठरवलेल्या विषयावर परत ओढू नका.

छोटे, ठोस प्रश्न विचारा. घरात दिवा कोण लावायचं? पाणी कुठून आणायचं आणि किती खेपा? पहिला पगार किती आणि तो कोणाच्या हातात दिला? सासरी पहिल्या दिवशी काय रांधायला लावलं? कोणाची भीती वाटायची? साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हाताऱ्या माणसांना सगळ्यात जास्त आणि स्पष्ट असतात, हे स्मृतीच्या अभ्यासकांना वारंवार आढळलेलं आहे. तेव्हा तिथूनच सुरू करा, जन्मापासून नको.

प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. अर्धांगवायू झालेल्या माणसाला शब्द शोधायला दहा-पंधरा सेकंद लागतात आणि आपण मध्येच वाक्य पूर्ण करून टाकतो. आजोबांना ऐकू कमी येत असेल आणि वाचता येत असेल तर गूगलचं ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ ॲप कामाला येतं. तुम्ही मराठीत बोलता ते स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत उमटतं. ओरडून प्रश्न विचारण्यापेक्षा बरं.

साल आठवत नसेल तर

जुन्या पिढीतल्या किती जणांचा वाढदिवस १ जूनला येतो बघा! शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी ही तारीख टाकायचे. त्यामुळे दाखल्यावरच्या तारखेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. त्याऐवजी मोठ्या घटनांचे खुंटे वापरा. नवे पैसे आले ते १ एप्रिल १९५७ ला. पुण्याचा पानशेतचा पूर १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. १९७२ चा दुष्काळ, ज्याची सुकडी आणि लाल मिलो ज्वारी अजून लोकांच्या जिभेवर आहे. मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ पासून. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट.

“किती साली?” असं न विचारता “भूकंपाच्या आधी की नंतर?” असं विचारायचं. आमचं गाव पाटण तालुक्यातलं. थोरल्या काकांच्या दाखल्यावर १ जून १९६६ आहे. आजी म्हणाली, भूकंपाच्या रात्री तो रांगत होता, त्याला उचलून अंगणात पळाले. डिसेंबर १९६७ मध्ये रांगणारं पोर १९६६ च्या जूनचं असणं शक्य नाही. म्हणजे शाळेत लवकर घ्यावं म्हणून त्यांचं वय वर्षभराने वाढवलेलं. काका त्या हिशेबाने वर्षभर आधीच निवृत्त झाले!

विसरायला होत असेल तर

स्मृतिभ्रंशात साधारणपणे अलीकडचं आधी पुसलं जातं आणि जुनं जास्त काळ टिकतं. सकाळचा नाष्टा आठवत नाही, पण तिसरीतल्या बाईंचं नाव आठवतं. म्हणून सुरुवातीच्या टप्प्यात हे काम नक्की जमतं, आणि उशीर केला तर जमत नाही. “आठवतं का?” हा शब्दप्रयोग टाळा, कारण तो परीक्षा घेतल्यासारखा वाटतो. फोटो दाखवून “हा कोण?” असंही नको. “या फोटोतलं लुगडं किती छान आहे” एवढंच म्हणा आणि थांबा. गाणं, ओवी, आरती यांनी पुष्कळदा बोलणं सुरू होतं.

चुकीचं सांगितलं तर दुरुस्त करू नका. लिहिताना खाली टीप देता येते. तीच गोष्ट पाचव्यांदा सांगितली तर पाचव्यांदाही रेकॉर्ड करा. आजीची नदीला पूर आल्याची गोष्ट माझ्याकडे सहा वेळा आहे. चौथ्या वेळी त्यात अचानक तिची एक बहीण आली, जी आधीच्या तिन्ही गोष्टींत नव्हती. ती बहीण लहानपणीच वारली होती आणि घरात तिचं नाव कोणी काढत नसे.

आवाजाचा मजकूर कसा करायचा?

आता खरं तांत्रिक काम. गूगलने मराठी व्हॉइस टायपिंग २०१७ मध्ये आणलं. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषांत मराठी जोडा, कीबोर्ड मराठीवर ठेवा आणि माइक दाबा. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून ‘टूल्स’ मेनूत ‘व्हॉइस टायपिंग’ निवडा, भाषा मराठी. दोन्ही फुकट आहेत.

पण आजीचं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावून समोर माइक धरला तर निकाल गमतीदार येतो. म्हातारा, थरथरता आवाज, दात नसल्याने बदललेले उच्चार आणि गावाकडची बोली यातलं फार थोडं यंत्राला कळतं. माझी युक्ती सोपी आहे. कानात इअरफोन घाला, एक वाक्य ऐका, थांबवा, आणि तेच वाक्य तुमच्या आवाजात माइकला सांगा. म्हणजे यंत्र तुमचा आवाज लिहितं. हाताने टाइप करण्यापेक्षा मला हे निम्म्या वेळात व्हायचं. विरामचिन्हं बहुतेक वेळा स्वतः घालावी लागतात, नावं आणि गावं तर हमखास तपासावी लागतात. एका तासाच्या रेकॉर्डिंगला मला तरीही तीन-चार संध्याकाळी लागायच्या. सगळं लिहून काढायची सक्ती नाही. आधी पूर्ण ऐका, कोणत्या मिनिटाला काय आहे याची यादी करा आणि निवडक भाग उतरवा.

ऑडिओ थेट देऊन मजकूर मागता येईल अशी एआय साधनं आता बरीच आहेत. कच्च्या मसुद्यासाठी वापरायला हरकत नाही, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ऑडिओ दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो. त्यात आजार, जमीन, बँक यांची माहिती असेल तर तो भाग आधी कापा. दोन, न कळलेल्या जागी ही साधनं रिकामी जागा सोडत नाहीत, शोभेल असं वाक्य घालून देतात. ते इतकं गुळगुळीत असतं की वाचताना संशयही येत नाही. म्हणून प्रत्येक ओळ कानाने पडताळा.

बोली सरळ करू नका

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माझ्या मते ही आहे. आजी म्हणाली होती, “तवा मी धा-अकरा वर्साची आसंन. आमास्नी कोन शाळंत घालतंय?” व्हॉइस टायपिंगने आणि नंतर ऑटोकरेक्टने त्याचं केलं, “तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. आम्हाला कोण शाळेत घालतंय?” अर्थ तोच, पण हे कोणीही बोललं असतं. पहिलं वाक्य फक्त आजीचं आहे.

ऑटोकरेक्ट बंद करा. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये ते मिळतं. “व्हतं, न्हाई, लई, कवा” जसं ऐकू येतं तसं लिहा. खानदेशातली असेल तर अहिराणी, कोकणातली असेल तर मालवणी, विदर्भातली असेल तर वऱ्हाडी. घरातलं कोणीतरी म्हणेलच, “असं गावंढळ कशाला लिहिलंस, लोक काय म्हणतील?” आमच्याकडे आत्याने म्हटलं. मग मी आजीलाच दोन्ही वाचून दाखवलं आणि कोणतं ठेवू विचारलं. तिने पहिलं निवडलं, आणि दुसऱ्याबद्दल म्हणाली, “ही कोन बामनाची बाई बोलतीया?” माझ्या मते ती शेवटची मंजुरी. तुमच्या आजीला प्रमाण मराठीच आवडली तर तसं लिहा, पण मूळ उतारा वेगळ्या फाइलमध्ये राहू द्या. आता कोणी वापरत नाहीत असे शब्द (घंगाळ, कणगी, उतरंड) आले तर मागे अर्थाची छोटी यादी द्या, मजकुरात बदलू नका.

मजकूर नीट करणं आणि वाचून दाखवणं

जन्म, शिक्षण, लग्न, मुलं अशा क्रमाने लिहिलेलं चरित्र बायोडेटासारखं होतं. एक प्रसंग, एक प्रकरण, दीड-दोन पानांचं. नाव त्यांच्याच तोंडचं द्या. आमच्या वहीत ‘कोन शाळंत घालतंय’, ‘चाळीतलं पाणी’, ‘संपाची दिवाळी’ अशी प्रकरणं आहेत. सगळं ‘मी’ म्हणूनच ठेवा. तुमचे प्रश्न काढून टाका, तुम्ही भरलेली माहिती चौकटी कंसात टाका, म्हणजे कोणतं त्यांचं आणि कोणतं तुमचं ते वाचणाऱ्याला कळेल.

मग वाचून दाखवा. हा टप्पा वगळू नका. स्वतः वाचू शकत असतील तर १८ पॉइंटच्या अक्षरात छापून द्या. ऐकताना माणसं दुरुस्त्या सांगतात, नवं आठवतं, कधी एखादी ओळ काढायला लावतात. काढायला लावली की काढा, ती तुम्हाला कितीही सुंदर वाटत असली तरी.

फोटो आणि जुने कागद

गूगलचं ‘फोटोस्कॅन’ ॲप फोटोवरची चमक घालवून स्कॅन करतं. फोटोची मागची बाजूही घ्या, तिथे स्टुडिओचा शिक्का किंवा तारीख असते. नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनने नको, त्याचा उठाव पुढे येतो. ट्रंकेत मोडी लिपीतले कागद सापडले तर न लॅमिनेट करता स्कॅन करा आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवा. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडीचा वापर होता, त्यामुळे पणजोबांच्या पिढीचे व्यवहार तिच्यात असू शकतात.

छापणं आणि जपणं

गावातल्या डीटीपीवाल्याकडे टाइप करायला देत असाल तर ‘युनिकोडमध्येच द्या’ असं आधी सांगा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल तुमच्या फोनवर उघडली की नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. फॉन्टसाठी ‘मुक्त’ किंवा ‘टिरो देवनागरी मराठी’ फुकट मिळतो. दुसऱ्यात ल आणि श आपल्या शाळेतल्या वळणाचे आहेत, आणि म्हाताऱ्या डोळ्यांना तो फरक जाणवतो.

मूळ ऑडिओ, मजकूर आणि पीडीएफ यांच्या तीन प्रती ठेवा: एक फोनबाहेर पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग तारीख आणि शेवटी विषय लिहा, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते.

क्लाउडबद्दल एक इशारा. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक गूगल खातं आतल्या सगळ्या गोष्टींसह काढून टाकण्याचं धोरण कंपनीने २०२३ मध्ये आणलं. आजोबांच्या नावाने खातं उघडून त्यात सगळं ठेवलं आणि विसरलात, तर ते जाऊ शकतं. तुमच्याच खात्यात ठेवा, आणि गूगलच्या ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये जाऊन, ३ ते १८ महिने खातं वापरलं गेलं नाही तर डेटा कोणाला मिळावा त्यांची नावं द्या. आयफोनवाल्यांसाठी आयओएस १५.२ पासून ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ची सोय आहे.

छपाईसाठी झेरॉक्सच्या दुकानातलं स्पायरल बायंडिंग पुरे. सहा-सात प्रती काढा, आणि प्रत्येक प्रतीच्या शेवटी चार कोरी पानं घालायला सांगा. आमच्या आत्याकडच्या प्रतीत ती चारही पानं भरली आहेत. संपाच्या दिवाळीत करंज्या झाल्या होत्या की नव्हत्या, यावर तिचं आजीपेक्षा वेगळं म्हणणं आहे.